टीव्ही गेमची वाटणी

झहूर परकारांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘पुतण्यासाठी कॅसेट हवी होती’ असं सांगितलं होतं. पुतण्या खोटा नव्हता, पण तो कराडला होता आणि आठ महिन्यांचा होता. मी बत्तीस वर्षांचा, बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून, नेरुळला भाड्याच्या खोलीत एकटा, आणि टीव्हीवर रणगाडे चालवायचं व्यसन लागलेला. झहूरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, वहीत ‘कृष्णात’ असं नाव लिहिलं आणि विचारलं, “पुतण्या कुठल्या लेव्हलला अडकलाय?” मी खरं काय ते सांगून टाकलं. आमची ओळख ही अशी झाली.

साल त्र्याण्णव. दिवाळी नुकतीच झाली होती. टीव्ही गेम म्हणजे तेव्हा एक डबा, त्याला दोन रिमोट, आणि वरून खुपसायची कॅसेट. चालली नाही तर कॅसेटीत फुंकर मारायची, हे त्यातलं सगळं तंत्रज्ञान. विकत घेणारी घरं थोडी, म्हणून डबा आणि कॅसेटी दिवसाच्या भाड्यानं मिळायच्या. नेरुळमध्ये हा धंदा झहूरभाईंनी आणला.

माणूस मूळचा श्रीवर्धनकडचा, कोकणी मुसलमान. लग्न झालं आणि चाळीस दिवसांत कुवेतला एका हॉटेलात इलेक्ट्रिशियन म्हणून गेला. सात वर्षांत दोनदा सुट्टी. नव्वद साली तिकडे लढाई पेटली तेव्हा वाळवंटातून ट्रकनं, तिथून विमानानं, एका पिशवीनिशी परत आला. पिशवीत दोन शर्ट आणि मुलीसाठी घेतलेला टीव्ही गेम. मुलगी बतूल पाच वर्षांची झालेली. तिनं आईच्या मागून डोकं काढून बापाला नीट पाहिलं आणि आईला विचारलं, “हे किती दिवस राहणार?”

हे झहूरभाईंनी मला पाच-सहा वेळा तरी सांगितलं असेल आणि दरवेळी सांगून झाल्यावर ते उगीचच एखादी कॅसेट पुसायला घ्यायचे. पुन्हा परदेशी जायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. पण नुसत्या ठरवण्यानं चूल पेटत नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात अडीच वर्षं काढली, तो बंद पडला. मग त्यांनी दुकानाचं काढलं. सईदाभाभी, म्हणजे त्यांच्या बायको, मोठ्या हिशेबी. त्यांनी अट घातली: दोन वर्षं. दोन वर्षांत दुकानावर घर चाललं तर उत्तम, नाहीतर भाभींचा भाऊ अरसलान सौदीत दम्मामला होता, तो व्हिसा पाठवेल, तो मुकाट्यानं घ्यायचा. झहूरभाईंनी मान हलवली. तेव्हापासून हा माणूस दोन वर्षांच्या मुदतीवर जगत होता आणि आम्हा गिऱ्हाइकांनाही त्यानं त्या मुदतीची धास्ती लावून ठेवली होती.

दुकानाची जागा शेवंताबाईंची. या गावच्या आगरी. त्यांची भातशेती आणि खाडीकाठच्या खारी नव्या शहरात गेल्या, बदल्यात भूखंड आणि त्यावर उठलेले गाळे आले. बाई साठीच्या, पण गावकीत त्यांनी तोंड उघडलं की पुरुष चहा खाली ठेवायचे. त्यांचा मुलगा शिवा, वय सत्तावीस, गळ्यात जाड साखळी, बुडाखाली मारुती व्हॅन, आणि खोल्यांची भाडी दर महिन्याला आपोआप येणारी. त्याला वर्षभर काही सुचत नव्हतं. झहूरभाईंच्या दुकानापुढची संध्याकाळची गर्दी पाहून त्याला सुचलं. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं बरोबर समोरच्या गाळ्यात तीस नवे डबे मांडले.

म्हणजे आईच्या भाडेकरूपुढे मुलाचं दुकान. शेवंताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि दोन्हीकडचं भाडं चालू ठेवलं.

मग जे झालं ते तुम्हाला माहीत आहेच, कारण सगळीकडे तेच होतं. शिवानं भाडं कमी केलं. झहूरभाईंनीही कमी केलं. शिवानं दोन कॅसेटींवर एक फुकट दिली. झहूरभाईंनी शनिवारी घेतलेली कॅसेट सोमवारी परत आणायची सवलत दिली. शिवानं एकीतच नऊशे नव्व्याण्णव खेळ सांगणारी ‘९९९ इन १’ची कॅसेट आणली आणि दुकानावर हा आकडा माणसाच्या उंचीएवढा रंगवून घेतला. मी झहूरभाईंचा मित्र, पण खरं सांगायचं तर जून महिन्यात मी शिवाकडूनच कॅसेटी आणत होतो. स्वस्त होतं. झहूरभाईंना दिसू नये म्हणून मागच्या गल्लीतून जायचो, आणि त्यांनी मला पाहिलंय हे मला कळू नये म्हणून ते कपाटाकडे तोंड करून उभे राहायचे. इतका सभ्य माणूस धंद्यात टिकणार कसा, याची मला मनापासून काळजी वाटायची, कॅसेट हातात घेऊन.

दसऱ्याच्या आधी गोष्ट हातघाईवर आली. गिऱ्हाईक कोणाचं यावरून भर रस्त्यात बोलाचाली झाली. तेव्हा शेवंताबाई मधे पडल्या. दोघांना पायरीवर बसवलं आणि म्हणाल्या, “आपल्या खारीवर कदी भांडनं झाली का रं? उघाडीचा वाटा ठरायचा. या साली तुजं पानी, त्या साली त्याचं. दुसऱ्याच्या पान्यात जालं टाकायचं नाय. मासा आपसूक आला तं ज्याच्या पान्यात आला त्याचा. हाय काय त्यात?”

उघाडी म्हणजे खारीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. भरतीला मासे आत येतात, तिथं जाळं लावायचा हक्क गाव वर्षावर्षानं वाटून द्यायचं. खारी जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण वाटणीची रीत बाईंच्या डोक्यात शाबूत होती. त्यांनी रेल्वेचे रूळ हाच बांध धरला. रुळांच्या अलीकडचं नेरुळ एकाचं, पलीकडचं सीवूड्स दुसऱ्याचं. पलीकडेही त्यांचा एक गाळा होताच.

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, “मावशी, गिऱ्हाईक म्हणजे मासा नव्हे. माणसं अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलतात.” बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी चहा खाली ठेवला.

दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि बतूलला एक उचलायला लावली. पोरगी नऊ वर्षांची, मोठ्या ऐटीत तिनं चिठ्ठी उघडून खणखणीत आवाजात वाचली: सीवूड्स. शिवानं तोंडावर हात ठेवला, पण हसू डोळ्यांतून बाहेर आलं. कारण सीवूड्सला तेव्हा होतं काय? अर्धवट इमारती, बांबूच्या परांच्या, चिखल आणि बगळे. बतूलनं विचारलं, “अब्बा, वाईट आली का?” झहूरभाई म्हणाले, “नाय बेटा, मोकळी जागा आली.”

शब्द दिला म्हणजे दिला, हे त्या दोघांतही होतं. आठवड्याच्या आत झहूरभाई कपाटं घेऊन पलीकडे गेले. पहिला महिनाभर त्यांच्या दुकानात रखवालदार येऊन बसायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. मी दर रविवारी रुळांखालच्या रस्त्यानं तिकडे जायचो. अपराधी वाटायचं म्हणून, आणि तिथं फुकट खेळायला मिळायचं म्हणून.

अशाच एका रविवारी सईदाभाभी दुकानात बसून ‘५०० इन १’ची कॅसेट तपासत होत्या. तपासत होत्या म्हणजे पहिल्या क्रमांकापासून एकेक खेळ लावून बघत होत्या, तांदूळ निवडायला बसावं तशा. तीन दिवस चाललं होतं. संध्याकाळी त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाल्या, “नऊ.”

“काय नऊ?” झहूरभाईंनी विचारलं.

“खेळ नऊच हायत. बाकी नुसती नावं बदललीत. कुठं ढगाचा रंग बदललाय, कुठं पयल्याऐवजी तिसऱ्या लेव्हलपासून चालू होतं.”

आणि त्यांनी कॅसेटवर पांढरा कागद चिकटवून त्यावर ठळक ‘९’ लिहिलं. झहूरभाई घाबरले. समोरचा नऊशे नव्व्याण्णव सांगतो आणि आपण नऊ? भाभी म्हणाल्या, “लोकांना घरी गेल्यावर कळतंच ना. मग आपणच सांगू.” पुढच्या दोन महिन्यांत दुकानातल्या एकूण एक कॅसेटीवर खरा आकडा आला. चार, सात, अकरा. एका कॅसेटीवर तर ‘२, त्यातला एक बरा’ असंही होतं.

त्याला झहूरभाईंनी आपली भर घातली. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा ते स्वतः प्रत्येक खेळ शेवटपर्यंत खेळायचे आणि वहीच्या पानावर मराठीत लिहून काढायचे: ‘तिसऱ्या किल्ल्यात डाव्या भिंतीला दार आहे. दिसत नाही. ढकला.’ ‘राक्षसाच्या शेपटीवर मारा, तोंडावर मारून उपयोग नाही.’ कॅसेटीबरोबर ही चिठ्ठी मोफत. मी त्या चिठ्ठ्या साहेबांसमोर फायलीत घालून वाचल्या आहेत.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. नेरुळची मुलं रुळांखालून पलीकडे जायला लागली, मागोमाग त्यांच्या आया, कारण ‘दोनच खेळ आहेत’ असं तोंडावर सांगणारा दुकानदार त्यांनी पाहिला नव्हता. शिवानं आईकडे तक्रार नेली. बाईंनी निकाल दिला, “त्यानं जालं टाकलं का तुज्या पान्यात? नाय ना? मग मासा आपसूक गेला.” माझं मत चुकलं होतं, हे मी तेव्हा कबूल केलं. गिऱ्हाईक थोडं मासा असतंच.

पण शिवाही काही दूधखुळा नव्हता. त्यानं एक नामी युक्ती काढली. डबा जवळजवळ फुकट द्यायचा, नावापुरती अनामत घेऊन, पण डबा असा की त्याचं तोंड जरा रुंद. त्यात झहूरभाईंच्या कॅसेटी बसायच्याच नाहीत. एकदा डबा घरात गेला की कॅसेट शिवाचीच. मला हे कळलं तेव्हा त्याच्याविषयी थोडा आदर वाटला आणि त्या आदराचा रागही आला. झहूरभाईंनी सोल्डरिंगची डागणी तापवली, पंधरा दिवस खपून त्या रुंद तोंडात बसणारा मधला तुकडा तयार केला आणि तोही भाड्यानं द्यायला लागले. शिवानं मग शेवटचं हत्यार काढलं. भाडं इतकं खाली आणलं की वीजबिलही सुटू नये, आणि झहूरभाईंनाही तिथवर उतरावं लागलं.

मी त्याला विचारलं, “अरे, तुलाही यात काही मिळत नाही. कशासाठी करतोयस?”

तो व्हॅनला टेकून आरामात म्हणाला, “भाऊ, तो मानूस आज ना उद्या जानारच हाय. त्याच्या मेव्हन्याचा व्हिसा येनार, सगल्या गावाला म्हाईत हाय. ओहोटीचं पानी आपसूक उतरतं. आपन बांधावर बसून ऱ्हायाचं.”

त्याचं गणित बरोबर होतं, हे त्यातलं वाईट. खोल्यांच्या भाड्यावर तो पाच वर्षं बसून राहिला असता. झहूरभाईंकडे गिऱ्हाईक भरपूर आणि हातात काही नाही, अशी गत झाली. भाभींनी बांगड्या मोडल्याचं मला बतूलकडून कळलं. दोन वर्षं संपायला महिना राहिला होता, आणि पंच्याण्णवच्या सप्टेंबरात दम्मामचा व्हिसा आला. मुंबईच्या एजंटाकडे गुरुवारी पासपोर्ट नेऊन द्यायचा होता.

झहूरभाई कॅसेटी पुसत बसले. भाभींनी व्हिसाचा कागद गल्ल्यात ठेवला. मी एकट्यानं सगळ्यांच्या वाटणीची चिडचिड केली. आणि शिवा? शिवा एक भलीमोठी नवी बॅग भेट घेऊन आला. वर म्हणाला, “झहूरभाय, गुरवारी मीच सोडतो तुमाला गाडीनं.” आणि यात कपट नव्हतं हो. एवढ्या मनापासून प्रतिस्पर्ध्याला निरोप देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गुरुवारी मी रजा टाकली. व्हॅनमध्ये पुढे शिवा आणि झहूरभाई, मागे मी. शिवा वाटभर दम्मामला उकाडा किती, तिथं मासळी कसली मिळते, हे विचारत होता. झहूरभाई खिडकीबाहेर बघत होते. मधेच म्हणाले, “बतूल सकाळी शाळेत गेली. मला काय विचारलंच नाय तिनं.”

एजंटाची खोली दुसऱ्या मजल्यावर. त्यानं पासपोर्ट हातातही घेतला नाही. म्हणाला, “परकार? तुमच्या मिसेसचा मंगळवारी फोन आला होता. ते येणार नाहीत, दुसऱ्याला द्या म्हणाल्या. मी दिला. काल त्या माणसाचा पासपोर्ट पण गेला शिक्क्याला.”

झहूरभाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. मग ते जिना उतरायला लागले आणि मधल्या पायरीवर बसले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते. “मला न विचारता,” एवढंच म्हणाले. शिवा माझ्या तोंडाकडे बघत होता, मी त्याच्या.

परतीच्या वाटेवर खाडीपूल संपल्यावर शिवानं गाडी कडेला घेतली आणि विचारलं, “म्हंजे झहूरभाय, आता कदीच जात नाय?”

“मला काय विचारतो? घरी विचार.”

सीवूड्सच्या दुकानात भाभी गल्ल्यावर बसल्या होत्या. पायरीवर शेवंताबाई. त्यांना सकाळीच कळलेलं होतं, हे उघड दिसत होतं. शिवानं आत जाऊन सरळ भाभींनाच विचारलं. भाभी म्हणाल्या, “नाय जात. या वर्षी नाय, पुढच्या वर्षी पण नाय. अरसलानला कळवून टाकलं मी, पुन्हा व्हिसा पाठवू नकोस म्हणून.”

शिवा मटकन खुर्चीत बसला. “मंग मी वरीसभर कशापायी घाट्यात धंदा केला?”

“तुला कोनी सांगितलं व्हतं पानी उतरंल म्हनून?” त्याची आई पायरीवरूनच म्हणाली.

शिवा बराच वेळ विचार करत बसला. त्याला इतका वेळ विचार करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग उठून म्हणाला, “उद्यापासून भाडं पयल्यासारखं. दोगांचं पन.” झहूरभाईंकडे बघून जरा घुटमळला, आणि आईला घेऊन निघून गेला. न जाणाऱ्या माणसाशी भांडून काही मिळत नाही, हे त्याला एका दुपारी कळलं. माझ्या साहेबांना ते निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं. पुढं दोघांची दुकानं रुळांच्या दोन बाजूंना चांगली चार वर्षं चालली, घराघरांत कॉम्प्युटर येईपर्यंत.

मीही निघायला हवं होतं. पण झहूरभाई दारातच उभे होते, आणि त्यांना बाजूला करून जायचा धीर मला झाला नाही.

“आपलं ठरलं होतं,” ते भाभींना म्हणाले. “दोन वर्षं. तूच घातली होतीस अट. मग हे मधेच काय?”

भाभींनी पदर सारखा केला. “लग्नाला बारा वर्षं झाली. त्यातली पाच तुमी घरात.”

“मग आधी का नाय बोललीस? दोन वर्षं मी रोज दिवस मोजतोय.”

“दोन वर्षांची मुदत दुकानाला होती,” भाभी म्हणाल्या. “तुमाला नाय.”

झहूरभाईंचा राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नसावं. ते तिथंच उंबऱ्यावर बसले आणि माझ्यादेखत, शर्टाच्या बाहीत तोंड घालून, मोठ्यानं रडले. मी कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो.